लिनक्सवर जड ग्राफिक्स कार्ड: एसएमपीएसपासून ड्रायव्हरपर्यंत

उबुंटू हे लिनक्स सुरळीत चालणाऱ्या पीसीत दीड लाखाच्या वरचं ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि स्क्रीन काळी पडली, की पहिला आळ लिनक्सवर येतो. नीट तपासायला बसलं की गुन्हेगार बहुधा दोघांपैकी एक निघतो: कार्डाला वीज धड पोचत नसते, नाहीतर ड्रायव्हर (सिस्टमला कार्ड चालवता यावं म्हणून लागणारा प्रोग्राम) भलतीकडून आणलेला असतो. म्हणून या लेखाचा निम्मा भाग स्क्रूड्रायव्हर आणि वायरींचा आहे, उरलेला टर्मिनलचा, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीचा.

उदाहरणासाठी एनव्हिडियाची आरटीएक्स ४०९० आणि ५०९० ही कार्डं आणि उबुंटू २४.०४ धरलं आहे. एएमडीवाल्यांसाठी पुढे वेगळा भाग आहे. आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाकायच्या.

पैसे देण्याआधी टेप काढा

४०९० चं एनव्हिडियाचं स्वतःचं मॉडेल ३०४ मिमी लांब आहे, पण इतर कंपन्यांची काही मॉडेलं ३५० मिमीच्याही पुढे जातात आणि साडेतीन स्लॉटची जाडी खातात. कॅबिनेटच्या माहितीत दिलेली लांबी पुढचे पंखे न धरता दिलेली असू शकते. पुढे रेडिएटर आणि पंखा असेल तर त्यातून ५०-५५ मिमी वजा करा. काचेच्या दारापर्यंतचं अंतरही मोजा, कारण पॉवरची केबल कार्डातून सरळ बाहेर येते आणि कनेक्टरपासून पहिले ३५ मिमी तरी ती वाकवायची नसते. ती दाराने दाबली गेली तर पुढे काय होतं ते खाली येईलच.

आता वॉट. ४०९० ची मर्यादा ४५० वॉट, ५०९० ची ५७५, ५०८० ची ३६०. एनव्हिडिया ४०९० साठी ८५० वॉटचा आणि ५०९० साठी १००० वॉटचा एसएमपीएस (पीसीतला वीजपुरवठ्याचा डबा) सांगते. हे आकडे कमीत कमीचे समजा. कार्ड क्षणभरासाठी आपल्या मर्यादेच्या बरंच वर उसळी घेतं. जुन्या एसएमपीएसचं संरक्षण त्या उसळीला शॉर्ट सर्किट समजतं आणि मशीन तिथल्या तिथे बंद करतं. लॉगमध्ये काहीच सापडत नाही, कारण लिहायला वेळच मिळालेला नसतो. एटीएक्स ३.० आणि ३.१ हे मापदंड या उसळ्या धरूनच केलेले आहेत, तेव्हा नवा एसएमपीएस घ्यायचाच असेल तर तो शब्द खोक्यावर पाहून घ्या. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत सगळं मिळतं, पण एसएमपीएसच्या बाबतीत ‘त्याच वॉटचा आहे, घ्या की’ या सल्ल्याला हसून नाही म्हणावं.

घरची वीज

भिंतीतल्या सॉकेटची काळजी लोक उगाच जास्त करतात. पूर्ण भरात ८०० वॉट ओढणारं मशीन २३० व्होल्टवर साडेतीन अँपिअर घेतं, त्यामुळे ६ अँपिअरचं साधं सॉकेट पुरतं. त्याच बोर्डावर इस्त्री किंवा गीझर नको, एवढंच. खरा घोळ अर्थिंगचा असतो. पेठांमधल्या जुन्या इमारतींत तिसरी पिन नुसती शोभेची असल्याचं आढळतं. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजून घ्या. तो ५ च्या आत असायला हवा. लाइव्ह ते अर्थ मोजल्यावर जवळपास २३० दिसलं पाहिजे. तिथे भलतंच काही दिसलं तर अर्थची तार कुठेतरी तुटलेली किंवा जोडलेलीच नाही.

यूपीएस मात्र हवाच. पुण्यात गुरुवार हा महावितरणच्या दुरुस्तीचा वार, आणि मे महिन्यात वळवाची सर आली की वार कोणताही असो, वीज जाते. दुकानात यूपीएस व्हीएमध्ये विकला जातो, आपल्याला हवा असतो वॉटचा आकडा. १००० किंवा ११०० व्हीएचा घरगुती यूपीएस ६००-६६० वॉटच देतो. ४०९० आणि तगडा प्रोसेसर दोन्ही भरात असताना तो वीज गेली की लगेच ओव्हरलोड होऊन बसतो, म्हणजे नसल्यातच जमा. किमान ९०० वॉट लिहिलेला घ्या, आणि जमलं तर प्युअर साइन वेव्ह. स्वस्त यूपीएसची चौकोनी लहर काही ॲक्टिव्ह पीएफसीवाल्या (पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या) एसएमपीएसना मानवत नाही. बॅटरीवर जाताच मशीन बंद पडतं. घरच्या इन्व्हर्टरवर टाकायचं असेल तरी हीच अट. यूपीएसला यूएसबी केबल असेल तर ‘नट’ हे पॅकेज टाकून बॅटरी संपत आल्यावर मशीन आपोआप बंद होईल असं लावून ठेवा.

बसवणं

मुख्य वायर काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा, पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. कार्ड प्रोसेसरच्या सगळ्यात जवळच्या लांब स्लॉटमध्ये जातं. खालचा स्लॉट दिसायला तेवढाच लांब असला तरी आतून बहुधा चारच लेनचा (डेटाच्या वाटांचा) असतो. काही बोर्डांवर एखाद्या एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी घातली की वरच्या स्लॉटच्याही सोळाच्या आठ लेन होतात. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये एका ओळीत ते लिहिलेलं असतं आणि ती ओळ कोणी वाचत नाही. काही कार्डांचं वजन दोन किलोच्याही वर असल्यामुळे पलीकडच्या टोकाला टेकू द्या. नाही दिला तर काही महिन्यांत कार्ड तिरकं होतं आणि स्लॉटशी संपर्क ढिला पडतो.

यातला सगळ्यात नाजूक भाग म्हणजे १६ पिनचा पॉवर कनेक्टर. २०२२ मध्ये ४०९० आल्यानंतर लगेच हे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. प्लग पूर्ण आत न गेल्याने असं होतं, असं एनव्हिडियाने तेव्हा सांगितलं. अर्धवट बसलेल्या प्लगमध्ये काही पिनांवरच सगळा भार येतो आणि त्या तापतात. त्यामुळे केबल कार्ड कॅबिनेटमध्ये घालण्याआधी, टेबलावर, उजेडात जोडा. ‘टक’ असा आवाज यायला हवा. नंतर नख फिरवून पाहा: प्लग आणि कार्डाचं सॉकेट यांच्यात फट लागता कामा नये. कार्डासोबत आलेला ॲडॅप्टर वापरत असाल तर त्याच्या प्रत्येक ८ पिनच्या तोंडाला एसएमपीएसपासून स्वतंत्र केबल द्या. ८ पिनचं एक तोंड १५० वॉटसाठी असतं. एकाच केबलची दोन तोंडं दोन्हीकडे जोडली तर तीनशे वॉट एकाच वायरीतून जातात. आणि मॉड्युलर एसएमपीएसची केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला कधीही लावू नका. प्लग बसतो, पण आतली पिनांची मांडणी वेगळी असते, आणि कार्ड त्याच क्षणी जळू शकतं.

मॉनिटरची केबल कार्डाला लावा, बोर्डाला नव्हे. हसू नका, ‘नवं कार्ड जुन्यासारखंच चालतं’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं.

बायॉसमध्ये तीन गोष्टी

बायॉस म्हणजे बूट होण्याआधीचा बोर्डाचा सेटिंगचा मेन्यू. तिथे सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद करा, ‘अबव्ह ४जी डिकोडिंग’ आणि ‘रिसायझेबल बार’ (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम दिसू देणाऱ्या सोयी) चालू करा. सीएसएम चालू असताना बसवलेलं जुनं लिनक्स ते बंद केल्यावर बूट न होण्याची शक्यता असते, म्हणून बॅकअप आधी घ्या. सिक्युअर बूट (सही असलेलेच प्रोग्राम बूट होऊ देणारी तपासणी) चालू राहिलं तरी चालतं, फक्त ड्रायव्हरच्या वेळी एक पायरी वाढते.

ड्रायव्हर

नव्या कार्डावर लाइव्ह यूएसबीची स्क्रीन काळी पडली तर मेन्यूतला ‘सेफ ग्राफिक्स’ पर्याय निवडा. तो नसेल तर ग्रबच्या (लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) मेन्यूत ‘ई’ दाबून ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ लिहा आणि एफ१० दाबा. ड्रायव्हर बसल्यावर हा शब्द ग्रबच्या फाइलमध्ये राहिला नाही ना, ते पाहा. राहिला तर ड्रायव्हर असूनही डिस्प्ले नीट येत नाही आणि माणूस दिवसभर भलतीकडे शोधत बसतो.

एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरची ‘.रन’ फाइल उतरवू नका. ती चालते, पण पॅकेज मॅनेजरला तिचा पत्ता नसतो. पुढच्या कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेटनंतर काळी स्क्रीन मिळते आणि तिच्यावर पुन्हा पॅकेज बसवायला गेलं तर दोन्हींच्या फाइलींची खिचडी होते. उबुंटूचा स्वतःचा मार्ग सरळ आहे:

१. ‘सुडो एपीटी अपडेट’, मग ‘सुडो एपीटी फुल-अपग्रेड’, आणि रीस्टार्ट. कर्नल आधी नवा झाला पाहिजे.

२. ‘उबुंटू-ड्रायव्हर्स डिव्हाइसेस’. कार्डाचं नाव आणि चालणाऱ्या ड्रायव्हरांची यादी येते. एका ओळीपुढे ‘रेकमेंडेड’ असतं.

३. ‘सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल’, पुन्हा रीस्टार्ट.

४. ‘एनव्हिडिया-एसएमआय’. कार्डाचं नाव, तापमान, वॉट आणि मेमरीचा तक्ता दिसला की काम झालं.

यादीत काही नावांच्या शेवटी ‘-ओपन’ दिसतं. एनव्हिडियाने २०२२ मध्ये आपल्या कर्नल मॉड्यूलचा (ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग) स्रोत खुला केला, त्याची ही आवृत्ती. ट्युरिंग म्हणजे २० मालिकेपासून पुढच्या कार्डांना ती चालते आणि ५० मालिकेला (५०८०, ५०९०) फक्त तीच चालते. ५०९० वर जुन्या पद्धतीचं बंद मॉड्यूल टाकलं तर पॅकेज विनातक्रार बसतं, कार्ड मात्र जागं होत नाही. ५० मालिकेसाठी ड्रायव्हर ५७० किंवा पुढचा हवा. डेबियन १२ च्या भांडारात ५३५ आहे, म्हणून तिथे ही कार्डं सरळ चालत नाहीत. फेडोरावर आरपीएम फ्यूजन भांडार जोडून ‘एकेमॉड-एनव्हिडिया’ बसवा आणि लगेच रीस्टार्ट करू नका. पाठीमागे मॉड्यूल तयार होत असतं, पाचेक मिनिटं चहा घ्या.

सिक्युअर बूट चालू असेल आणि मॉड्यूल तुमच्याच मशीनवर डीकेएमएसने (प्रत्येक कर्नलसाठी मॉड्यूल बनवणारं साधन) तयार होत असेल, तर इन्स्टॉल होताना एक पासवर्ड विचारला जातो. तो साधा, छोटा ठेवा. रीस्टार्टनंतर निळी स्क्रीन येते आणि दहा सेकंदांत काही की दाबली नाही तर निघूनही जाते. तिथे ‘एनरोल मॉक’ (आपली सहीची किल्ली नोंदवा) निवडून तोच पासवर्ड द्यायचा. ही स्क्रीन हुकली की मॉड्यूल लोड होताना ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असं उत्तर येतं. अशा वेळी ‘मोकयूटिल’च्या ‘इम्पोर्ट’ने किल्ली पुन्हा नोंदवा आणि यावेळी स्क्रीनसमोरच बसा.

कार्ड खरंच वापरलं जातंय का

‘जीएलएक्सइन्फो -बी’ चालवा (इथे ‘बी’ मोठं). रेंडररपुढे ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसलं तर सगळं चित्र प्रोसेसर काढतोय आणि कार्ड नुसतं उभं आहे. मग ‘सुडो एलएसपीसीआय -व्हीव्ही’मध्ये कार्डाच्या ‘एलएनकेएसटीए’ ओळीत रुंदी १६ आहे ना ते बघा. वेग मात्र रिकाम्या वेळी २.५ जीटी/से. दिसतो, वीज वाचवायला कार्ड तो खाली आणतं. एखादा गेम किंवा रेंडर चालू ठेवून पाहिलं की ४०९० वर वेगही १६ जीटी/से. दिसायला लागतो.

वेलँडवर (स्क्रीनवर खिडक्या दाखवायची नवी पद्धत) खिडक्या चमकण्याचा, मागची चौकट पुढे येण्याचा जो जुना त्रास होता, तो ड्रायव्हर ५५५ मध्ये एक्सप्लिसिट सिंक (चित्र पूर्ण झाल्यावरच दाखवायची सोय) आल्यापासून बराच गेला. त्याहून जुन्या ड्रायव्हरवर असाल तर लॉगिनच्या पानावर झॉर्गचं (जुन्या पद्धतीचं) सेशन निवडा.

मशीन झोपवून उठवल्यावर कचरा दिसत असेल, तर ‘एनव्हिडिया-सस्पेंड’ आणि ‘एनव्हिडिया-रिझ्यूम’ या दोन सर्व्हिस चालू आहेत का ते पाहा. मॉड्यूलच्या ‘प्रिझर्व्ह व्हिडिओ मेमरी ॲलोकेशन्स’ या पर्यायाची किंमत १ हवी. झोपताना कार्डाची मेमरी फाइलमध्ये उतरवली जाते, म्हणजे २४ जीबी भरलेली असेल तर तेवढी जागा डिस्कवर रिकामी लागते. टेम्प फोल्डर रॅममध्ये असेल तर ते भरून झोपच येत नाही. त्या फाइलचा मार्ग डिस्कवरच्या फोल्डरकडे वळवा.

वॉट आवरा

एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा ही पायरी सगळ्यात उपयोगी पडते. कार्ड खातं तेवढी सगळी वीज शेवटी खोलीत उष्णता म्हणून बाहेर पडते. ४५० वॉट म्हणजे बंद खोलीत छोटा हीटर. आतली हवा ३६ अंशांची असेल तर पंखे कितीही ओरडले तरी कार्ड ८३-८४ अंशांवर जाऊन स्वतःच वेग कमी करतं.

‘एनव्हिडिया-एसएमआय -क्यू -डी पॉवर’ने आपल्या कार्डाला किती कमाल-किमान मर्यादा लावता येते ते पाहा. मग ‘सुडो एनव्हिडिया-एसएमआय -पीएल ३५०’. ४०९० वर शंभर वॉट कमी करूनही बहुतेक कामांत वेग पाच-सात टक्क्यांच्या आसपासच घटतो, कारण शेवटच्या शंभर वॉटमधून कार्ड फार थोडं मिळवतं. रोज आठ तास रेंडर चालवणाऱ्याचा हिशोब असा: ४५० वॉटवर दिवसाला ३.६ युनिट, महिन्याला १०८. ३५० वर महिन्याला ८४. महावितरणच्या घरगुती बिलात ३०० युनिटांच्या पुढचा स्लॅब महाग लागतो, त्यामुळे वाचलेली २४ युनिटं वरच्या दराची असण्याचीच शक्यता जास्त.

ही मर्यादा रीस्टार्टनंतर पुसली जाते. कायम ठेवायला सिस्टमडीची (लिनक्समधल्या सर्व्हिस सांभाळणाऱ्या प्रोग्रामची) छोटी सर्व्हिस लिहा: प्रकार ‘वनशॉट’, चालवायची आज्ञा वरचीच पण पूर्ण मार्गासकट, आणि ‘मल्टी-यूजर’ टार्गेटला जोडलेली. सोबत ‘एनव्हिडिया-पर्सिस्टन्सडी’ चालू ठेवा. स्क्रीन न जोडलेल्या मशीनवर ती नसेल तर शेवटचा प्रोग्राम बंद होताच ड्रायव्हर उतरतो आणि लावलेली मर्यादाही जाते.

बाणेर-वाकडकडे बांधकामांची धूळ इतकी असते की कॅबिनेटची जाळी पंधरवड्याला झटकावी. हिटसिंकवर ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. ब्लोअरने ते गरगर फिरवलं तर बेअरिंग खराब होतं.

एएमडी असेल तर

अर्धा लेख तुमच्यासाठी गळून पडतो. ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे आणि बाकीचा भाग मेसा या खुल्या ग्राफिक्स लायब्ररीत. काही उतरवायचं नाही. कार्ड नवं आणि लिनक्स जुनं असलं की मात्र अडतं. मार्च २०२५ मध्ये आलेल्या आरएक्स ९०७० एक्सटीला नवा कर्नल, मेसा २५ आणि ताजं फर्मवेअर लागतं, म्हणून उबुंटू २४.०४ ची ६.१४ कर्नलवाली २४.०४.३ किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या. मर्यादा आणि पंखे ‘लॅक्ट’ या प्रोग्रामने लावता येतात. तो ‘जंक्शन’ म्हणून जे तापमान दाखवतो ते चिपवरच्या सगळ्यात गरम बिंदूचं असतं, तिथे ९५ दिसलं म्हणून घाबरू नका. ११० ही मर्यादा आहे.

टीव्हीला जोडणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. एएमडीने एचडीएमआय २.१ चा खुला ड्रायव्हर तयार केला होता, तो २०२४ मध्ये एचडीएमआय फोरमने नाकारला. त्यामुळे ४के १२० हर्ट्झसाठी शक्य तिथे डिस्प्लेपोर्टच वापरा.

पायटॉर्च आणि मंडळी

‘एनव्हिडिया-एसएमआय’च्या वरच्या कोपऱ्यात दिसणारी कुडाची (कार्डावर गणितं चालवायच्या एनव्हिडियाच्या प्रणालीची) आवृत्ती म्हणजे ड्रायव्हरला जास्तीत जास्त कुठवर झेपेल तो आकडा. मशीनवर कुडा बसवल्याचा तो पुरावा नाही. पायटॉर्चसाठी (एआयची लायब्ररी) वेगळं टूलकिट लागतही नाही, त्याची पॅकेजं आपलं कुडा सोबत आणतात. ‘पायथन३-वेन्व्ह’ने वेगळं वातावरण करा आणि त्यात पिपने बसवा, थेट सिस्टममध्ये बसवायला गेलात तर २४.०४ स्वतःच अडवतं. ५० मालिकेला पायटॉर्च २.७ किंवा पुढचं, कुडा १२.८ वालं हवं. जुनं असेल तर ‘नो कर्नल इमेज इज अव्हेलेबल’ म्हणून थांबतं आणि लोक कार्ड बदलून आणायला निघतात.

बिघडलं तर

‘ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच’: पाठीमागे ड्रायव्हर अपडेट झाला, जुनं मॉड्यूल अजून मेमरीत आहे. रीस्टार्ट करा, दुसरं काही करू नका.

‘एनव्हिडिया-एसएमआय’ ड्रायव्हरशी बोलूच शकत नाही: कर्नल नवा आला, मॉड्यूल बनलं नाही. ‘डीकेएमएस स्टेटस’ पाहा. कर्नलचे हेडर बसलेले नसतात, हे नेहमीचं कारण. काळ्या स्क्रीनवर असाल तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ ने लॉगिन मिळतं, किंवा ग्रबमधून जुना कर्नल निवडा आणि तिथून दुरुस्त करा.

स्टीम (गेमचं दुकान) फ्लॅटपॅकमधून (सगळ्या लिनक्सवर चालणारी पॅकेजची पद्धत) बसवलं आणि गेम रखडतात: फ्लॅटपॅकचा एनव्हिडिया रनटाइम वेगळा असतो आणि त्याची आवृत्ती ड्रायव्हरशी तंतोतंत जुळावी लागते. ‘फ्लॅटपॅक अपडेट’ चालवा.

मधेच स्क्रीन गेली, पंखे पूर्ण वेगात, मशीन नेटवर्कवरून मात्र जिवंत: ‘जर्नलसीटीएल -के’मध्ये ‘एक्सआयडी’ (एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचा बिघाडाचा क्रमांक) शोधा. १३ किंवा ३१ दिसलं तर आधी त्या प्रोग्रामकडे बोट दाखवा. ७९ म्हणजे कार्ड बसवरूनच गळलं. मशीन बंद करून १६ पिनचा प्लग काढा आणि पिनांभोवती तपकिरी डाग आहे का पाहा. डाग असेल तर केबल आणि कार्ड दोन्ही वापरणं थांबवून वॉरंटीकडे जा. डाग नसेल तर प्लग पुन्हा बसवा, रायझर केबल (कार्ड बोर्डापासून दूर लावायची) असेल तर ती काढून कार्ड थेट बोर्डात लावा आणि मर्यादा ३०० वॉटवर आणून तासभर चालवा. तेवढ्यावर शांत राहिलं आणि ४५० वर पुन्हा गळलं, तर एसएमपीएस बदलायची वेळ आली आहे.